खुंट ठोकणाऱ्या घरातली लेक

अलिबाग तालुक्यातल्या एका मच्छीमार वडिलांचे पत्र आले आहे. लेक बारावी सायन्सला आहे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये कसे घालतात, याचे व्हिडिओ तिने पाहिले आणि आता तिला तेच शिकायचे आहे. ते लिहितात, ‘नातेवाईक म्हणतात कॉम्प्युटर घे. आपल्या समुद्रात एकही पवनचक्की नाही, मग नोकरी कुठे? आणि पोरीला समुद्रावर राहावे लागेल का?’

नमस्कार दादा,

नोकरीचे आधी सांगते. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात ५०० मेगावॅट गुजरातच्या आणि ५०० तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोर आहेत. कोकण त्यात नाही. तेव्हा चार वर्षांनी अलिबागलाच काम मिळेल, अशी आशा तिला दाखवू नका.

पण ती जे शिकू पाहतेय, ते तुमच्या घराला नवीन नाही. तुम्ही प्रवाहात डोलजाळे बांधायला समुद्रतळात खुंट ठोकता. चिखलात तो किती आत गेला म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीला टिकेल, हे तुमच्या हाताला कळते. युरोपातल्या बहुतेक समुद्री पवनचक्क्या अशाच एकेका खुंटावर उभ्या आहेत. त्याला मोनोपाइल म्हणतात. हा पोलादी नळा असतो, आता आठ-दहा मीटर व्यासाचासुद्धा, आणि तो हायड्रॉलिक हातोड्याने तळात ठोकतात. इमारतीच्या पायावर मुख्यतः वजन येते. इथे शंभर मीटर उंचावर वारा ढकलतो, खाली लाटा आदळतात आणि पायाला उलथू पाहणारा जोर सोसावा लागतो, तोही पंचवीस वर्षे, कोट्यवधी वेळा.

मला स्वतःला यातली एक अडचण फार सुंदर वाटते. उभ्या खांबाला डोलण्याची स्वतःची लय असते. चक्की फिरते त्याची एक लय, आणि तीन पाती एकामागून एक खांबासमोरून जातात त्याची तिप्पट वेगवान लय. खांबाची लय साधारणपणे या दोन्हींच्या मधे बसवतात. ती यांपैकी एकीशी जुळली, तर नेमक्या वेळी झोका दिलेल्या झोपाळ्यासारखे डोलणे वाढत जाते आणि पोलाद थकते. आता ही लय तळाच्या मातीच्या घट्टपणावरही ठरते. मातीचा अंदाज चुकला, किंवा प्रवाहाने खुंटाभोवतीची वाळू खणून नेली, की लय सरकते. म्हणून बुडाशी दगड टाकतात.

पाणी खोल असेल तर जाळीदार सांगाडा उभारतात, त्याला जॅकेट म्हणतात. १९७४ साली तेल सापडलेल्या मुंबई हायचे प्लॅटफॉर्म अशाच सांगाड्यांवर उभे आहेत. अटल सेतूचे खांब, न्हावा-शेवाच्या जेट्टी, सगळीकडे समुद्रतळात पाया घालण्याचे हेच शास्त्र. तिची पहिली नोकरी बहुधा यांसारख्या कामावर असेल, आणि पवनचक्कीकडे ती तिथून जाऊ शकेल.

म्हणून बारावीनंतर सिव्हिल घेऊ द्या. एमएचटी-सीईटी चांगली गेली तर लोणेऱ्याचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईचे व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपीही आहे. जेईईत रँक आला तर आयआयटी मद्रासला ओशन इंजिनिअरिंगची वाट आहे. पदवीनंतर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन भूतंत्र विषयात, म्हणजे जिओटेक्निकलमध्ये, एमटेक करावे. त्याशिवाय या कामात शिरणे अवघड आहे. नातेवाइकांचे अर्धे ऐका: पाइथन ही कॉम्प्युटरची भाषा तिला यायलाच हवी, हल्ली पायाची बरीच गणिते तिच्यावर चालतात.

समुद्रावर राहायचे म्हणाल, तर डिझाइनचे काम ऑफिसात होते. तळाची माती काढून तपासायला मात्र जहाजावर काही आठवडे जावे लागते. त्याआधी समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण देतात. मुलीही जातात. जायचे की नाही हे तिला ठरवू द्या. भरती-ओहोटीची वेळ घड्याळाविना ओळखणाऱ्या घरात ती वाढली आहे.

एक काम मात्र आतापासूनच करता येईल. नारळी पौर्णिमेनंतर खुंट ठोकायला जाल, तेव्हा तिला होडीत सोबत घ्या. किती ठोक्यांना खुंट किती वीत आत गेला, हे तिला वहीत लिहू द्या. पायलिंगच्या, म्हणजे पायाचे खांब ठोकण्याच्या, साइटवर इंजिनिअर नेमकी हीच नोंद ठेवतात.