चित्रकार समाजावर भाष्य करतात म्हणजे नेमकं काय करतात? चित्राने खरंच काही फरक पडतो का?

चित्रात मोर्चा, झेंडा किंवा रडणारी आई दिसली की झालं का सामाजिक भाष्य, असंच तुम्हाला विचारायचंय ना? माझ्या मते नाही. मी उपयोजित कला शिकलो, पोटापाण्यासाठी पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, त्यामुळे विषयाच्या आधी मी दोन गोष्टी बघतो: चित्र कशावर काढलंय आणि ते जाणार कुठे. निम्मं भाष्य तिथेच ठरतं.

चित्तप्रसाद भट्टाचार्य घ्या. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. 'पडला' हे आपलं सवयीने म्हणायचं. युद्धकाळातली सरकारी धोरणं, महागाई आणि साठेबाजी यांनी तो ओढवला. सुमारे ३० लाख माणसं गेली. चित्तप्रसाद तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचं काम करत होते. ते मिदनापूर जिल्ह्यात फिरले आणि शाईने समोरची माणसं काढत गेले. बरगड्या, खपाटीला गेलेली पोटं, सगळं आहे त्यात. पण मला अडवतो तो चित्रासोबतचा मजकूर. कितीतरी ठिकाणी त्या माणसाचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. म्हणजे 'भुकेलेला शेतकरी' नाही, अमुक गावचा अमुक.

यातून 'हंग्री बंगाल' ही पुस्तिका निघाली आणि ब्रिटिशांनी तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाकडे वाचलेल्या प्रतीवरून ती २०११ मध्ये पुन्हा छापली गेली. एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यातलं तैलचित्र जाळायला सरकार एवढं धावलं असतं का? मला नाही वाटत. धास्ती होती ती हातोहात फिरणाऱ्या छापील कागदाची.

पुढे चित्तप्रसाद मुंबईत आले, अंधेरीला एका खोलीत राहिले आणि लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरून कागदावर उमटवलेले ठसे, करत राहिले. मजुरी करणाऱ्या मुलांवरची त्यांची मालिका जरूर बघा. लिनो हे गरिबाचं माध्यम. जे कोराल ते कागदावर पांढरं, जे ठेवाल ते काळं. मधला करडा रंग नाहीच, हवा असेल तर रेघांनी भासवायचा. शाईचा रोलर फिरवायचा, कागद ठेवायचा, प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने घासायचं. एका ठोकळ्यातून भरपूर प्रती निघतात, त्यामुळे चित्र कुणा एकाच्या मालकीचं राहत नाही.

याच्या अगदी उलट वाट सुधीर पटवर्धनांची. १९७५ ते २००५ ते ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते आणि रंगवत होते मोठाले कॅनव्हास. लोकलमधली, पुलावरची, नाक्यावरची माणसं. ती बिचारी दिसत नाहीत. जाड हाडांची, स्वतःच्या वजनावर उभी असलेली असतात. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर गिरणगावाचं काय झालं हे आपण बातम्यांत तुकड्यातुकड्यांनी वाचलं. पटवर्धनांच्या 'लोअर परळ' (२००१) मध्ये ते बदलतं शहर एका नजरेत समोर येतं. घोषणा कुठेही नाही.

अडचण एकच: ज्यांची चित्रं, ते गॅलरीत सहसा येत नाहीत. ती पटवर्धनांनाही जाणवली असावी, कारण समकालीन चित्रकारांच्या कलाकृती महाराष्ट्रातल्या इतर शहरांत नेऊन दाखवायचा खटाटोप त्यांनी केला. माझ्या लेखी तोही चित्रकाराच्या कामाचाच भाग.

फरक पडतो का, तर चित्तप्रसादांच्या शाईने दुष्काळ थांबला नाही. पण सरकारला लपवायचं होतं ते नावानिशी उरलं, आणि चित्राकडून मी याहून जास्त मागत नाही.

बघायला सुरुवात करणार असाल तर चित्तप्रसाद पुस्तकात बघितले तरी चालतील, ती चित्रं बरीचशी छापण्यासाठीच होती. पटवर्धन मात्र मोबाईलवर बघू नका. मागच्या गर्दीतली माणसं तिथे ठिपके होऊन जातात.