बाळाचे रोजचे क्षण टिपायला चांगला कॅमेरा घ्यावा का?

तुमची मुलगी पाच महिन्यांची आहे, मोबाइल फोटोंनी भरलाय, तरी त्यात रोजचं असं काही सापडत नाही, म्हणून कॅमेरा घ्यावा का असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. मोबाइल भरपूर झाला. बहुतेक घरांत नुसत्या चेहऱ्याचेच फोटो निघतात, आजूबाजूचं घर त्यात येतच नाही. ते येऊ द्या.

मी सांगलीचा. माझा मुलगा आता शाळेत जातो. बारशाचे आणि बोरन्हाणात हलव्याचे दागिने घातलेले त्याचे फोटो छानच आहेत, पण ते बघून तो पटकन पान उलटतो. थांबतो तो एका साध्या फोटोपाशी. आई, म्हणजे त्याची आजी, न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसलीय, पायांवर हा पालथा. तिच्या बांगड्या कोपराकडे सारलेल्या, ह्याची पाठ तेलानं चकाकतेय, शेजारी वाटीत डाळीचं पीठ नि साय. चेहरा दोघांचाही दिसत नाही. तरी "आजी काय करतेय? मी रडत होतो का?" हे दर वेळी विचारतो आणि आईही दर वेळी रंगवून सांगते. असे फोटो हवेत: पाळण्याला बांधलेलं चिमणाळं, दोरीवर वाळणारी दुपटी, वाकळीतून बाहेर आलेला एक पाय.

तंत्र फार नाही. फ्लॅश बंद ठेवा. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात मोबाइलचं शटर जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळं मूल जरा हललं की फोटो पुसट येतो. सकाळी सोप्याच्या दारापाशी किंवा खिडकीजवळ, उजेड एका बाजूनं येईल असं बाळाला ठेवा. रांगायला लागली की सलग फोटो घ्यायची सोय वापरा. मोबाइलमध्ये शटरचा वेळ हातानं ठरवता येत असेल तर तो सेकंदाचा 250वा भाग किंवा त्याहून कमी ठेवा. आणि जमिनीवर आडवे व्हा! उभ्यानं काढलेल्या फोटोत मूल नुसतं टाळूकडून दिसतं. काढण्याआधी लेन्स कापडानं पुसा, लहान मुलांच्या घरात तिच्यावर तेलाचे हात लागलेलेच असतात.

फोटो काढणारं माणूस फोटोत कधीच येत नाही, म्हणून मोबाइल अधूनमधून दुसऱ्याच्या हातात द्या. बाहेर गेलात तरी हेच. आमच्या सांगलीतल्या आयर्विन पुलाचे फोटो 1929 पासून निघताहेत, ते कुठंही मिळतील. कठड्याशी तुमचं बोट घट्ट धरून खाली कृष्णेकडं बघणारी पोर तुम्हालाच टिपावी लागेल.

आता जपायचं कसं, ह्यावर मी जरा जास्त बोलणार. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या गावभागात मावशीच्या घरात पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातले अल्बम भिजले. प्लास्टिकला चिकटलेले जे फोटो ओढून काढले त्यांचा वरचा थरच सोलला. जे स्वच्छ पाण्यात बुडवून हळूहळू सोडवले आणि चित्राची बाजू वर ठेवून पंख्याखाली सुकवले, ते वाचले. लॅबमधून काढलेल्या प्रिंटचे रंग बऱ्यापैकी राहिले, घरच्या इंकजेटवर छापलेल्यांची शाई मात्र पसरली. म्हणून निवडक फोटोंचे चार बाय सहाचे प्रिंट लॅबमधूनच काढा, पानावर तारीख आणि कोण कोण आहे ते लिहा, अल्बम उंचावर ठेवा. मूळ फायली एका हार्ड डिस्कवर घालून ती दुसऱ्या घरी, माहेरी वगैरे, ठेवा. गूगल फोटोजवर जून 2021 पासून मोफत जागा 15 जीबीच मिळते, तीही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. ती भरली की नवे फोटो चढायचे थांबतात, तेव्हा अधूनमधून बघत जा.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नेहमीसारखा पाठवला की त्याचा दर्जा घटतो. फक्त डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठं काढला ती माहितीही जाते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करा. अंघोळीचे फोटो मात्र घरच्या अल्बममध्येच राहू द्या, स्टेटसला ठेवू नका.