लाभार्थी की हक्कदार?

कर्वेनगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांची यादी लागली आणि वर मथळा होता, ‘आरटीई लाभार्थी विद्यार्थी’. त्या विचारतात, कायदा शिक्षण हक्काचा, मग मुलं लाभार्थी कशी? शिवाय माहितीचा ‘अधिकार’ आणि शिक्षणाचा ‘हक्क’, हा भेद कशासाठी?

ताई, ‘लाभार्थी’ व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. लाभ अधिक अर्थी. अर्थी म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी, शरणार्थी यांच्याच पंगतीतला. गंमत अशी की लाभ पदरात पडला तरी माणूस ‘अर्थी’च राहतो, दारात उभाच. तुम्हाला खटकलं ते हेच असावं.

‘हक्क’ मूळचा अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. खरं, रास्त, ज्याचं त्याला देणं लागतं ते, असे त्याचे अर्थ. ‘हकीकत’ त्याच धातूची. ‘नाहक त्रास’ आणि ‘हकनाक बळी’ यांतही तोच दडलाय. मराठेशाहीच्या कागदांत देशमुख-पाटलांचे हक्क म्हणजे उत्पन्नातला ठरलेला वाटा. तेव्हाचे सगळे हक्क न्यायाचेच होते असं मात्र नाही. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा सांगतात, पण त्या वतनाच्या बदल्यात राबणूक किती, हे पाहूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं. तरी शब्दातला ‘वाटा’ टिकला. आमच्या पेठेतल्या रेशन दुकानात एकदा एका आजींचा अंगठा यंत्रावर उमटेना. ‘उद्या या’ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “माझं हक्काचं पाच किलो आहे, उद्या का?” माणशी पाच किलो हे माप कायद्यातलंच. भिंतीवरच्या फलकावर मात्र आजी ‘लाभार्थी’ होत्या.

‘अधिकार’ संस्कृत. त्यात पात्रता आहे आणि सत्ताही आहे, म्हणून तर ‘अधिकारी’. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’मधला अधिकार कचेरीत दाद मागण्यातला नव्हे. साधी कसोटी सांगतो. ‘हक्काचं घर’ म्हटलं की आपलं घर डोळ्यांपुढे येतं, ‘अधिकाराचं घर’ म्हटलं तर कलेक्टरचा बंगला. हक्क आपण सांगतो, बजावतो, सोडतो. हक्काने कुणाकडे जेवायलाही जातो. अधिकार बहुधा वरून मिळतो. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहेत, हिंदीत ‘मूल अधिकार’. २००५ चा माहितीचा ‘अधिकार’ हिंदीच्या वळणाने आला असावा, असं मला वाटतं. वनांचा, शिक्षणाचा आणि २०१५ चा लोकसेवेचा, या तिन्ही कायद्यांत मराठीने ‘हक्क’च ठेवला.

पण खरी मेख कायद्यांच्या बाकीच्या नावांत आहे. अन्नाला २०१३ साली ‘सुरक्षा’ मिळाली. रोजगाराला महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्यात ‘हमी’ दिली. मार्केट यार्डातल्या हमालांसाठीच्या १९६९ च्या माथाडी कायद्याच्या नावात ‘कल्याण’ आहे. निराधारांना ‘अनुदान’. आरोग्याच्या वाट्याला बहुतेक नुसत्या ‘योजना’. हे शब्दांचं दारिद्र्य नाही. काम, निर्वाह वेतन, पोषण ही सगळी संविधानाच्या चौथ्या भागात, निदेशक तत्त्वांत ठेवली गेली, आणि ती कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत असं अनुच्छेद ३७ सांगतो. अनुच्छेद ४१ मध्ये तर ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मुरड आधीच घातली आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ साली सामील झाला. तिथेही शब्द हक्कच. मात्र त्या हक्कांबद्दल व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार आपण स्वीकारलेला नाही.

शिक्षण त्या चौथ्या भागातून बाहेर पडून २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांत आलं. त्याने काय फरक पडतो, ते आपल्या राज्यातच दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या पंचवीस टक्क्यांतून सूट. पालक कोर्टात गेले आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. नुसती योजना असती तर हे इतक्या सरळ झालं नसतं. निकष बदलले, म्हणून नाव वगळलं, अर्ज पुन्हा करा, एवढंच ऐकायला मिळालं असतं.

आता तुमच्या फलकावर काय लिहावं? ‘हक्कदार’ मला जमत नाही. तो मराठीत सातबारा आणि वाटणीपत्रातला शब्द, ऐकताच भाऊबंदकी आठवते. ‘हक्कधारक’ वनहक्कांच्या दाव्यांत रुळलाय, पण सहा वर्षांच्या मुलीला तो फार जड होईल. शाळेला हिशेबासाठी यादी लागत असेल तर ती कार्यालयातल्या फायलीत राहू दे. भिंतीवर इयत्ता पहिली, तुकडी आणि ‘विद्यार्थी’ एवढं लिहिलं की झालं. तोही ‘अर्थी’च आहे म्हणा, पण त्या पंगतीत वर्गातली सगळीच मुलं बसतात.