पेलेचे गोल नेमके किती: 757 की 1,283?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजपट्टी वेगळी. 757 मध्ये फक्त अधिकृत सामने येतात: ब्राझीलमधल्या सांतोस क्लबसाठी 643, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघासाठी 77 आणि न्यूयॉर्क कॉसमॉस या अमेरिकी क्लबसाठी 37. 1,283 मध्ये मैत्रीपूर्ण सामने, परदेश दौरे, अगदी लष्करी संघाकडून केलेले गोलही धरलेत.

मात्र मैत्रीपूर्ण सामने म्हणजे लिंबूटिंबू संघ, असं समजू नका. सांतोस मानधन घेऊन जगभर फिरायचा आणि समोर कधी कधी युरोपातले तगडे क्लबही असायचे. म्हणूनच मेस्सीने डिसेंबर 2020 मध्ये बार्सिलोनासाठी 644 वा गोल करून एकाच क्लबसाठीचा विक्रम मोडला, तेव्हा सांतोसने पेलेचे आणखी 448 गोल पुढे करून 1,091 चा दावा केला. ब्राझीलचंही तेच. नेमारने सप्टेंबर 2023 मध्ये बोलिव्हियाविरुद्ध 77 चा आकडा ओलांडला, पण ब्राझीलचा महासंघ क्लब संघांविरुद्धचे गोल धरून पेलेला 95 देतो.

तुलना करायची तर 757 च घ्या. आजच्या खेळाडूंचे मैत्रीपूर्ण क्लब सामन्यांतले गोल कुणी धरत नाही. विश्वचषकाचे 12 गोल (14 सामने) मात्र निर्विवाद.