इंदूरमध्ये वाढलेल्या मुलांना कोणती मराठी ऑडिओबुके ऐकवावीत?

मराठी बोलणाऱ्या, परंतु मराठी वाचनाचा सराव नसलेल्या आपल्या मुलांना आधी ‘श्यामची आई’ ऐकवावे, नंतर ‘मृत्युंजय’, आणि ‘ज्ञानेश्वरी’ मात्र केवळ ऐकून समजेल अशी अपेक्षा ठेवू नये. मीही इंदूरचीच असून ही तिन्ही पूर्ण ऐकली आहेत. साने गुरुजींनी आपले पुस्तक मुळातच रात्री सांगितलेल्या आठवणींच्या रूपात रचले असल्यामुळे ते कानाला सहज रुचते. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, तो प्रसंग साध्या आवाजात वाचला की थेट मनाला भिडतो, आणि म्हणूनच तिथे गळा दाटवून, संगीत चढवून केलेले वाचन मला मुळीच पटत नाही. ‘मृत्युंजय’ची संस्कृतप्रचुर भाषा हिंदीला सरावलेल्या कानांना जड जात नाही, पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली असे निवेदक बदलत असल्याने मध्येच सोडल्यास कोण बोलत आहे हे कळेनासे होते, तेव्हा एका पात्राचा भाग संपल्यावरच थांबावे. ‘ज्ञानेश्वरी’च्या सुमारे ९,००० ओव्या पारायणाच्या गतीने ऐकताना नाद मिळतो, अर्थ निसटतो, सार्थ प्रत समोर हवीच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: ‘श्यामची आई’मधील कोकणातले शब्द आपल्याकडच्या मुलांना अपरिचित असतात, म्हणून सुरुवातीच्या काही रात्री मोठ्या माणसाने सोबत बसून ऐकाव्यात.