सरबताच्या पाकात खडे होतायत? मग हे वाच

अगं, बाटलीच्या तळाशी खडे जमले म्हणून साखर खराब होती असं नाही, पाण्यात मावेल त्यापेक्षा जास्त गेली एवढंच. 20 डिग्रीला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात 480च्या वर, म्हणून गॅसवर सगळं काचेसारखं दिसतं आणि गार झालं की जास्तीची साखर बाहेर पडते. ढवळल्याने फक्त लवकर विरघळते हं, जास्त नाही, पिठीसाखरेचंही तेच.

मी नौपाड्यात दर उन्हाळ्यात लिंबाचं सिरप करते, 1 लिटर पाण्याला दीड किलो साखर, फ्रिजमध्येही खडे धरत नाही. पण उगाच उकळत बसू नकोस, पाणी आटलं की हिशोब गेला. आणि पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली घे, पाक घट्ट असेल तर एकच दाणा पुरतो, त्याच्यावर बाकीची साखर चढत जाते, मी स्वतः पाहिलंय, सकाळी झाकण उघडलं तर चमच्याला खडीसाखर! पाक उकळतानाच अर्धं लिंबू पिळ, आंबटाने थोडी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि खडे सहज होत नाहीत.