नत्र, स्फुरद, पालाश दाखवणारी सळई : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डाळिंबाच्या बागेसाठी पाच सळयांचा, सात घटक दाखवणारा सेन्सर घेतला. कोरड्या मातीत नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही शून्याजवळ. ठिबक चालवले, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिन्ही चढलेले. खत टाकलेच नव्हते. यंत्र बिघडले आहे का?
– बागायतदार, सांगोला

उत्तर : यंत्र ठीक आहे, त्याचा दावा खोटा आहे. या प्रकारचे स्वस्त सेन्सर अन्नद्रव्ये मोजतच नाहीत. सळयांमधून ते मातीची विद्युतवाहकता (ईसी) मोजतात आणि ठरावीक गुणकाने तिचेच नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे करतात. ओल वाढली की वाहकता वाढते, म्हणून तिन्ही एकदम चढले.

घरीच खात्री करा. दोन ग्लासांत डिस्टिल्ड वॉटर घ्या. एकात चमचाभर मीठ, दुसऱ्यात चमचाभर युरिया विरघळवून लगेच सळया बुडवा. मिठाच्या पाण्यात 'नत्र' भरपूर दिसेल. युरियात ४६ टक्के नत्र असूनही आकडा जवळजवळ हलणार नाही, कारण विरघळलेला युरिया वीज वाहून नेत नाही.

आपल्या चुनखडीच्या जमिनीत तर घोळ आणखी वाढतो. सामू (पीएच) ८ च्या वर असला की स्फुरद कॅल्शियमला बांधला जातो, पालाश चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. सळईला दिसतात फक्त पाण्यात उतरलेले क्षार. म्हणून या आकड्यांवर खताचा डोस मुळीच ठरवू नका. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच घ्या.

यंत्र फेकू मात्र नका. बोअरच्या पाण्याने ड्रिपरखाली क्षार साचतात का, हे पाहायला ईसीचा आकडा चांगला उपयोगी पडतो. वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नाही), सकाळी, ड्रिपरपासून दरवेळी तितक्याच अंतरावर मोजा. तापमान १ अंशाने वाढले की वाहकता सुमारे २ टक्के वाढते, त्यामुळे दुपारचा आकडा सकाळच्या आकड्याशी ताडता येत नाही. काळी जमीन भेगाळलेली असेल तर सळईभोवती हवा राहते आणि आकडा पडतो. माती दाबून घ्या, तीनदा मोजून मधला आकडा धरा.

प्रश्न : मग शेतावर नत्र मोजताच येत नाही का? ऊस आहे.
– माढा

उत्तर : नायट्रेट (मातीतल्या नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या, खिशात मावणाऱ्या मीटरने येते. आठ-दहा ठिकाणची १५ सेंमी खोलीपर्यंतची माती एकत्र करून सावलीत वाळवा. २० ग्रॅम माती १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच मिनिटे हलवा. काळी माती लवकर निवळत नाही. चिमूटभर तुरटी घाला आणि गाळा. (पालाशच्या मीटरला हे पाणी चालणार नाही, तुरटीत पालाश असू शकते.) मीटरचे कॅलिब्रेशन त्याच दिवशी, सोबतच्या प्रमाण द्रावणांनी करा.

समजा मीटरने नायट्रेट ४० पीपीएम (लिटरमागे ४० मिलिग्रॅम) दाखवले. पाणी मातीच्या पाचपट, म्हणून ५ ने गुणून २००. नायट्रेटमधले नत्र काढायला ४.४३ ने भागा : ४५ मिलिग्रॅम प्रति किलो. एकरी १५ सेंमी थराची माती साधारण ९ लाख किलो धरून त्याला ०.९ ने गुणले की एकरी साधारण ४० किलो.

हा आकडा फक्त नायट्रेटचा. युरिया नुकताच टाकला असेल तर त्यातला बराच भाग अजून नायट्रेट झालेला नसतो, म्हणून आठ-दहा दिवस थांबा. बोअरचे पाणी मचूळ असेल तर त्यातले क्लोराईड या इलेक्ट्रोडला फसवते आणि नायट्रेट जास्त दिसते; अशा रानाचा एक नमुना आधी प्रयोगशाळेत नायट्रेटसाठी तपासून दोन्ही आकडे ताडून पाहा.